मिश्रधातूंचे नॅनोकण आणि पाण्यातील हायड्रोजन

खतनिर्मितीसाठी लागणारा बहुतांश हायड्रोजन आज नैसर्गिक वायू व कोळशापासून मिळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाण्याच्या विद्युत अपघटनाने हा दोष टळतो; मात्र त्यासाठी सामान्य तापमानाला किमान १.२३ व्होल्ट आणि प्रत्यक्षात त्याहून अधिक विभवांतर लागते. ही जादा मागणी उत्प्रेरक कमी करतो. प्लॅटिनम श्रेष्ठ, परंतु दुर्मीळ. म्हणून आम्लारिधर्मी द्रावणात निकेल-मॉलिब्डेनम मिश्रधातू वापरता येतो. दोन्ही धातूंची संयुगे एकत्र मिसळून हायड्रोजनच्या प्रवाहात तापवली, की त्यांतील ऑक्सिजन निघून मिश्रधातूचे नॅनोकण उरतात.

कण सूक्ष्मच का हवेत? १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन केल्यास ते ६०० चौरस मीटर होते. अभिक्रिया पृष्ठभागावरच घडते, हे ध्यानात ठेवा.