तापलेली मोटार आणि पेट्रोलचा दाब

सुरतेच्या दक्षिणेस, उधना आणि सचिन या स्थानकांच्या दरम्यान, भेस्तान आहे. सुरतेच्या या बाजूस खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मे महिन्यात त्यांपैकी काही जण आपल्या जुन्या मोटारीतून धुळ्याच्या रस्त्याने गावी निघतात. पहाटे गाडी चटकन सुरू होते. परंतु दुपारी कोंडाईबारीच्या घाटाअलीकडे चहासाठी पंधरा मिनिटे उभी केली, की कितीही सेल्फ मारला तरी ती दाद देत नाही. ‘पंप गेला’ असा निकाल लागतो, नवा पंप बसतो आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा तोच अनुभव येतो.

दाब मोजल्यावाचून पंप बदलणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. प्रथम सेल्फ इंजिनाला जोमाने फिरवतो की नाही, हे पाहावे. तो कण्हत असेल तर बॅटरी तपासावी. पेट्रोलच्या मागे लागू नये.

पद्मिनी किंवा पहिल्या मारुती ८०० सारख्या कारबुरेटरच्या गाडीत पंप इंजिनालाच जोडलेला असतो आणि टाकीतले पेट्रोल ओढून घेतो. त्याचा दाब चौरस इंचास थोड्याच पौंडांचा. गाडी थांबली की वारा थांबतो, पण इंजिनाची धग राहते. नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफच ओढीत बसतो. पंपावर ओले फडके ठेवण्याची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती म्हणूनच शास्त्राला धरून आहे. मात्र पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर कारबुरेटरमधले पेट्रोल उकळून इंजिनात सांडलेले असते. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्थिर धरावा व सेल्फ मारावा; पाय वरखाली करू नये.

इंजेक्टरच्या गाडीत पंप बहुधा टाकीतच असतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. येथे दाब चौरस इंचास साधारण ३५ ते ४५ पौंड असतो, आणि गाडी बंद केल्यावरही तो काही काळ टिकावा लागतो. येथे एक बिनखर्चाची परीक्षा करता येते. सेल्फ न मारता किल्ली दोन-तीन वेळा चालू-बंद करावी. दर वेळी टाकीतून पंपाची घरघर ऐकू येईल. त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर दाब टिकत नाही असे समजावे.

मग प्रेशर गेज लावून इंजिन बंद करावे व काटा पाहावा. टाकीकडे परतणारी नळी चिमट्याने दाबताच काटा थांबला, तर दोष रेग्युलेटरचा. पंपाकडून येणारी नळी दाबल्यावर थांबला, तर पंपातील झडपेचा. दोन्ही दाबूनही उतरत राहिला, तर इंजेक्टर गळतो आहे. याउलट उभ्या गाडीत दाब ठीक, पण वेग वाढवताच उतरतो, असे दिसले तर आधी फिल्टर बदलावा; तो पंपाहून पुष्कळ स्वस्त असतो.

हे काम मेकॅनिकने, थंड इंजिनावर, दाब उतरवूनच करावे. सैल झालेल्या नळीतून पेट्रोलची चिळकांडी उडते. जवळ विडी नको. ताठरलेली नळी चिमट्यात धरूच नये, ती चिरते. २०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉल २० टक्क्यांवर गेले आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. घाटाकडे निघण्यापूर्वी या नळ्यांवरून एकदा हात फिरवून, भेगा पडलेल्या बदलून घ्याव्यात.