आचारी की आचार्य? – टूलकिटची निवड

संगणकाच्या पडद्यावरील बटणे, रकाने आणि नावे भरावयाच्या चौकटी प्रत्येक प्रोग्रॅमर स्वतः रेघ रेघ ओढून तयार करीत नाही. त्या तयार मिळतात. अशा तयार भागांच्या संचास टूलकिट म्हणतात. क्यूट, जी.टी.के., टी.के., डब्ल्यू.एक्स.विजेट्स ही त्यांतील परिचित नावे होत. घराला तयार दारे-खिडक्या बसवाव्यात तसाच हा प्रकार. मात्र प्रोग्रॅम अर्धा लिहून झाल्यावर टूलकिट बदलायची म्हटले, तर खिडकीबरोबर भिंतही पाडावी लागते. म्हणून निवड आधी.

तापीपलीकडच्या कोसाडमधील एखाद्या विद्यार्थ्याने यंत्रमाग कारखान्यासाठी पगाराचा प्रोग्रॅम करावयास घेतला आहे, अशी कल्पना करू. सुरतेत मागावर बसणारे कारागीर खानदेशचे, उत्तर प्रदेशचे, ओडिशाचे. हिशेब लिहिणारे मेहताजी बहुधा गुजराती. किती तागे विणले आणि त्याचे किती रुपये झाले, ही चिठ्ठी कारागिराला स्वतः वाचता आली पाहिजे. नाही तर तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणार! तेव्हा टूलकिट किती देखणी आहे, हा प्रश्न दुय्यम. आपली लिपी तिला नीट लिहिता येते काय, हा पहिला.

येथे थोडा खुलासा हवा. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क आणि नंतर वेलांटी अशी नोंद होते. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसावी लागते. जोडाक्षरांचेही तेच. साठवलेल्या खुणांतून योग्य आकार जुळविण्याचे काम एक स्वतंत्र यंत्रणा करते. हार्फबझ ही त्यांतील प्रमुख. आजच्या क्यूट आणि जी.टी.के. या दोन्ही तिचा उपयोग करतात. टी.के.ची ८.६ ही आवृत्ती विंडोजवर हे काम विंडोजकडूनच करवून घेते. पण लिनक्सवर आकार जुळवीतच नाही, आणि ‘किरण’ची वेलांटी भलतीकडे जाते. यात नवल नाही. जॉन ओस्टरहाउट यांनी बर्कले येथे टी.के.चे काम १९८८ मध्ये आरंभले. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची.

आपल्या मराठीची अडचण आणखी एक पायरी पुढची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत किती अंतर आहे, हे वसतिगृहाच्या खाणावळीत जेवणाऱ्यांस सांगावयास नको. म्हणून दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून त्याच्या चौकटीत हे दोन शब्द टंकावेत, कर्सर मागे-पुढे न्यावा, एखादे अक्षर खोडून पाहावे. मग तीच परीक्षा गुजराती आणि ओडिया नावांची.

पगारपत्रक म्हणजे मोठा तक्ता. टी.के.च्या तक्त्यात घरातच आकडा दुरुस्त करण्याची सोय मुळात नाही, ती स्वतः रचावी लागते. क्यूटमध्ये ती आयती आहे. इलेक्ट्रॉनचा मार्गही पुष्कळांना मोह घालतो. लिपी त्यात उत्तम दिसते, परंतु प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर येतो. कारखान्याच्या कोपऱ्यातील जुन्या संगणकावर हे ओझे कशाला?

परवान्याकडेही पाहावे. पायथॉनमधून क्यूट वापरण्याच्या दोन वाटा आहेत. पायक्यूट जी.पी.एल.खाली मिळते, त्यावर केलेला प्रोग्रॅम विकताना ग्राहकाला मूळ संहिताही द्यावी लागते, अथवा पैसे मोजून वेगळा परवाना घ्यावा लागतो. पायसाइड एल.जी.पी.एल.खाली असल्याने तेथे अटी सैल आहेत. या कामासाठी मी पायसाइड घेईन. नुसते बेरजेचे छोटे यंत्र विंडोजवर करावयाचे असेल, तर टी.के. पुरे, ती पायथॉनबरोबरच येते.

आणि चाचणी पडद्यावर थांबवू नये. चिठ्ठी छापून पाहावी, कारण कारागिराच्या हातात कागद पडतो.