मीटरगेजवरून आलेला बाजार

फोर्डची मोटार १९०८ साली ८५० डॉलरला होती. १९२० नंतरच्या दशकात ती ३०० डॉलरच्या खाली आली आणि अमेरिकेतला साधा नोकरदारही हप्त्याने मोटार घेऊ लागला. मराठवाड्यात परभणीकडे मात्र बाजारात बदल आला तो रेल्वेने. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज लाईन सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा अशी निजामाच्या राज्यातून गेली आणि कापसाला मुंबईची वाट मिळाली.

त्यापाठोपाठ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. जिनात कापसातली सरकी वेगळी होते, ती जनावरांच्या गव्हाणीत जाते. रुई दाबून गाठी बांधल्या की डब्यात कमी जागेत जास्त माल मावतो. वाहतूक परवडते ती यामुळेच. परतीच्या गाडीने गिरणीचं कापड, काड्यापेटी, कंदील आणि रॉकेल यायचं. रॉकेल संपलं तरी पत्र्याचा डबा टाकायचा नाही. त्यातून पाणी भरायचं, धान्य ठेवायचं. आपल्याकडचा ग्राहक असा चिवट!

व्यवहारात एक मेख होती. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले, ब्रिटिश मुलखात कलदार रुपया. साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार. मुंबईचा भाव कलदारात, कापूसवाल्याच्या हातात हाली. हा हिशेब ज्याला जमे, त्याचीच चांदी.

उधारी इथेही होती, पण सावकाराची, उभ्या पिकावर. त्यामुळे नव्या वस्तूंची चैन आधी व्यापाऱ्याच्या घरात शिरली. खेड्यांना तर आणखी थांबावं लागलं; बहुतेक ठिकाणी वीजही १९६० नंतरच पोचली.