तंबाखू कुंडीत शोभते, तोंडात नव्हे

गेल्या अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवरून परतलो आणि दुसऱ्या दिवशी दारातल्या कुंडीत बी टाकले. आत्याने विचारले, "कायचं बी होय?" आम्ही म्हणालो, "तंबाखूचं."

आत्याचा चेहराच उतरला. तिचे अर्धे आयुष्य कामठीला विड्या वळण्यात गेलेले. "जनमभर त्या धुळीत खोकत बसली मी. तुह्या बापाच्या तोंडाचा कॅन्सर विसरला काय? काहून लावतं रे बाबू ते दारात?"

बंधू-भगिनींनो, तिचा प्रश्न खरा होता. ज्या कामठीत बाबू हरदास यांनी विडी कामगारांना संघटित केले, तिथल्या घरांना तंबाखूने पोटही दिले आणि रोगही दिला. आमच्याही खिशात डबी होती. वडील गेले तेव्हा ती सुटली.

पण ही तंबाखू फुलांची. खायच्या तंबाखूचे शास्त्रीय नाव निकोटियाना टॅबॅकम, हिचे निकोटियाना अलाटा. दोघी बहिणी, मूळच्या दक्षिण अमेरिकेच्या. हिची फुले लांब नळीची, टोकाला चांदणीसारखी. दिवसा मिटल्यासारखी असतात, दिवेलागणीला उमलतात व सुगंध देतात. कामावरून घरी यावे, वंदनेला बसावे, तेव्हाच दरवळ सुटतो. पांढऱ्या फुलांना वास अधिक असतो. दिवसा उघडी राहणारी रंगीत संकरित जात दिसायला छान, पण वासाला कमी.

लागवड सोपी आहे. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात बी टाकावे. फुटकी बादली, तेलाचा रिकामा डबा, काहीही चालते. बुडाला भोके पाडून माती व कुजलेले शेणखत भरावे. बी धुळीसारखे बारीक असते. ते मातीवर नुसते भुरभुरावे, वरून माती टाकू नये. त्याला उगवायला उजेड लागतो. पाणी हाताने शिंपडावे. दोन-तीन आठवड्यांत रोपे दिसतात. चार पाने आली की एका डब्यात एकच रोप ठेवावे. सकाळचे ऊन मिळावे, पाणी साचू नये. साधारण तीन महिन्यांत फुले येतात.

आता काळजीचे. या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे. पान चोळून तोंडात धरू नये. लहान मुले आणि शेळ्या यांपासून कुंडी उंचावर ठेवावी. पाने चिकट असतात. हात लावल्यावर साबणाने धुवावेत. टोमॅटो, वांगी, मिरची यांच्याजवळ लावू नये. ती एकाच कुळातली, एकीचा रोग दुसरीला लागतो. तंबाखू मळलेल्या हातानेही तिचा मोझॅक रोग टोमॅटोच्या रोपाला लागू शकतो. जी सवय रोपालाही बाधते, ती लेकरांसमोर कशाला?

७ फेब्रुवारीला, रमाईच्या जयंतीच्या संध्याकाळी, फुले उमलली होती. आत्या दारात बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वास चांगला हाय. पण हात धुऊन घे."

वाचकहो, पाचवे शील आपण रोज म्हणतो. महिनाभराच्या पुड्यांचे पैसे वाचवा, त्यात डबा, माती आणि बी येईल. खिशातली तंबाखू टाका, हवी तर दारात फुलांची लावा.

जय भीम!