तीनदा रिकामी झालेली काउंटी

जॉर्जिया राज्यातल्या फोर्साइथ काउंटीत 1910 च्या जनगणनेत 11,940 माणसं मोजली गेली. पन्नास वर्षांनी, 1960 मध्ये, भरली 12,170. मधे दोन महायुद्धं झाली, दक्षिणेला तासाभराच्या अंतरावरचं अटलांटा फुगत गेलं, आणि इथे अर्ध्या शतकात वाढली जेमतेम 230 माणसं. पुढचे आकडे मात्र चक्रावून टाकतात. 1990 मध्ये 44,083. 2000 मध्ये 98,407. 2010 मध्ये 1,75,511. 2020 मध्ये 2,51,283. नव्वदच्या दशकात वाढीच्या वेगात अख्ख्या अमेरिकेत या काउंटीचा दुसरा नंबर लागला.

या वाढीचं श्रेय हमरस्ता, तळं आणि चांगल्या शाळांना दिलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. घरं बांधायला इतकी मोकळी जमीन इथे शिल्लक राहिली कशी, हा प्रश्न त्यात येत नाही. ती जमीन तीनदा मोकळी करण्यात आली होती.

पहिली पाळी चेरोकी या मूळनिवासी लोकांची. 1829 च्या सुमारास उत्तर जॉर्जियात सोनं सापडलं आणि राज्याची नजर चेरोकींच्या मुलखावर खिळली. 1832 मध्ये मिलेजव्हिल या तेव्हाच्या राजधानीत चक्क सोडत काढून तो मुलूख गोऱ्या नागरिकांना वाटला गेला. सोन्याच्या पट्ट्यातले तुकडे चाळीस एकरांचे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत असा निकाल दिला होता. तो कागदावरच राहिला. डिसेंबरमध्ये फोर्साइथ काउंटी स्थापन झाली, नाव माजी गव्हर्नर जॉन फोर्साइथ यांचं. 1838 मध्ये सैन्याने चेरोकींना छावण्यांत कोंडून पश्चिमेला हाकललं. मागे राहिलं सॉनी डोंगराचं नाव, आणि सोडतीतले आकडे. आजही इथल्या घराच्या खरेदीखतात ‘लँड लॉट अमुक, डिस्ट्रिक्ट अमुक, सेक्शन अमुक’ असं लिहिलेलं असतं. आपल्या गट नंबरासारखाच तो मजकूर, आणि त्याचं मूळ 1832 च्या मोजणीत.

दुसरी पाळी 1912 ची, आणि इथे जरा थांबायला हवं. सप्टेंबरच्या सुरुवातीला ऑस्करव्हिल या वस्तीजवळच्या रानात मे क्रो ही अठरा वर्षांची गोरी मुलगी बेशुद्ध, जबर जखमी अवस्थेत सापडली. दोन आठवड्यांनी ती गेली. संशयावरून काही कृष्णवर्णीय तरुण पकडले गेले. त्यातल्या रॉब एडवर्ड्सला जमावाने कमिंग शहरातल्या तुरुंगातून ओढून काढलं, ठार मारलं आणि त्याचा देह चौकात टांगला. पकडलेल्यांपैकी अर्नेस्ट नॉक्स सोळा वर्षांचा, ऑस्कर डॅनियल अठराचा. त्यांचे खटले ऑक्टोबरच्या सुरुवातीला झटपट उरकले आणि 25 ऑक्टोबरला दोघांना फाशी दिली. फाशी लोकांसमोर देऊ नये असा न्यायाधीशांचा हुकूम होता, म्हणून वधस्तंभाभोवती कुंपण घातलं होतं. आदल्या रात्री लोकांनी ते जाळून टाकलं. दुसऱ्या दिवशी सुमारे पाच हजारांचा समुदाय भोवतालच्या उतारावर बसून फाशी बघत होता. काउंटीची लोकसंख्या बारा हजार, हे लक्षात घ्या.

तोवर रात्रीची घोडेस्वारांची टोळकी कामाला लागली होती. घरांवर गोळीबार, चर्चची जाळपोळ, गाव सोडण्याच्या नोटिसा. काही आठवड्यांत 1,098 कृष्णवर्णीयांपैकी जवळजवळ सगळे परागंदा झाले. बहुतेक कुळं आणि मजूर असले तरी काहींची स्वतःची शेती होती. कुणी ती मातीमोल विकली, कुणाला तेवढीही सवड मिळाली नाही. अशा सोडलेल्या जमिनींवर शेजाऱ्यांनी ताबा मिळवला, कर भरायला सुरुवात केली आणि कालांतराने मालकी सांगितली. एलियट जॅस्पिन आणि पॅट्रिक फिलिप्स या दोन लेखकांनी हे कागदपत्रांतून उकरून काढलं. फिलिप्स स्वतः याच काउंटीत वाढलेले.

तिसऱ्या पाळीला दंगल नव्हती, सरकारी मोबदला होता. चॅटाहूची नदीवर बफर्ड धरणाचं काम 1950 मध्ये सुरू झालं, 1956 मध्ये पाणी अडलं. सातशेच्या आसपास कुटुंबांच्या जमिनी गेल्या आणि 38,000 एकरांचं लेक लॅनियर काउंटीच्या पूर्व सीमेवर पसरलं. ऑस्करव्हिल नावाचं कृष्णवर्णीयांचं भरभराटलेलं गाव मुद्दाम या तळ्यात बुडवलं, अशी गोष्ट हल्ली मोबाइलवर फिरते. ती सपशेल चुकीची आहे. तिथले कृष्णवर्णीय तळ्याच्या चाळीस वर्षं आधीच हाकलले गेले होते. त्यांना घालवायला धरणाची गरज पडली नाही.

मग जॉर्जिया 400 हा हमरस्ता आला आणि अटलांटात नोकरी करून इथे राहणं जमू लागलं. तरी काउंटी गोरीच राहिली. 17 जानेवारी 1987 ला नागरी हक्क चळवळीतले नेते होझिया विल्यम्स यांच्या नेतृत्वाखालच्या छोट्या मोर्चावर दगडफेक झाली. आठवड्याने वीस हजार लोक मोर्चाने आले, तेव्हा बंदोबस्ताचा खर्च 6,70,000 डॉलरवर गेला. त्यानंतर काउंटीने मोर्चाच्या परवान्याला दिवसाला हजार डॉलरपर्यंत शुल्क लावायचा नियम केला. गंमत अशी, की या नियमाला न्यायालयात आव्हान दिलं ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सुट्टीला विरोध करणाऱ्या एका गोऱ्या संघटनेने. 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द ठरवला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अभ्यासात हा खटला अजून शिकवला जातो.

आज एवढ्या वस्तीत रीतसर शहर एकच, कमिंग, आणि 2020 मध्ये त्याची लोकसंख्या 7,318. बाकी सगळे नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, सबडिव्हिजनांमध्ये. टपालाच्या पत्त्यावर कित्येकांचं गाव अल्फारेटा किंवा सुवानी असतं. म्हणजे शेजारच्या काउंटीचं. दक्षिण भागात भारतीय कुटुंबांची दाट वस्ती झाली असून एकूण लोकसंख्येत आशियाई सुमारे 18 टक्के आहेत, कृष्णवर्णीय सुमारे 4. 1910 मध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण 9 टक्क्यांच्या वर होतं. 2018 मध्ये उघडलेल्या एका हायस्कुलाला डॉ. लीला डेन्मार्क यांचं नाव आहे. डांग्या खोकल्याच्या लसीवर काम केलेल्या या बाई वयाच्या 103 व्या वर्षापर्यंत मुलं तपासत होत्या. इतिहासातलं असं नाव शाळेला सापडलं, हे बरंच झालं.

रॉब एडवर्ड्सच्या हत्येचा फलक कमिंगमध्ये लागायला 2021 साल उजाडलं. पुढच्या वर्षी स्थानिक चर्चच्या मंडळींनी हाकललेल्यांच्या वंशजांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. सरकारी भरपाई मात्र कुणालाही मिळालेली नाही. 1987 च्या मोर्चांनंतर नेमलेल्या समितीत जमिनीचा विषय निघाला तेव्हा काउंटीच्या सदस्यांनी भरपाईला नकार दिला, आणि तो नकार आजवर कायम आहे.