मल्टिपल स्क्लेरोसिस : दोष पूर्वजन्माचा नाही, बी पेशींचा

एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागते, डोळा फिरवला की दुखतो. काही आठवड्यांत नजर बरीच सुधारते. काही महिन्यांनी पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. मग घरात कुजबूज सुरू होते : कुणाची करणी असेल, पूर्वजन्मीचे भोग असतील. बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. म्हणून आपण अंगारे-धुपाऱ्यांत वेळ न दवडता मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायला हवे. हा आजार मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, असू शकतो. तो बहुधा 20 ते 40 या वयात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो.

विजेच्या वायरीवर जसे आवरण असते, तसे आपल्या अनेक मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. एमएसमध्ये मेंदू व मज्जारज्जूतील या आवरणावर आपलीच रोगप्रतिकारयंत्रणा हल्ला करते. आवरण खरवडले गेले की संदेश अडखळतात.

हा हल्ला कोण घडवते? अनेक वर्षे मुख्य दोष ‘टी पेशी’ नावाच्या पांढऱ्या पेशींना दिला जात होता. ‘बी पेशी’ दुय्यम मानल्या जात. 2008 मध्ये रिटुक्सिमॅब या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि हे चित्र पालटले. हे औषध सीडी20 ही खूण असलेल्या बी पेशी नष्ट करते. ते दिलेल्या रुग्णांच्या एमआरआयमध्ये सूज असलेल्या नव्या जखमा झपाट्याने कमी झाल्या.

यात एक कोडे होते. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी20 ही खूण नसते. त्यामुळे त्या वाचतात आणि प्रतिपिंडे लगेच फारशी घटत नाहीत. तरीही आजार शमतो. म्हणजे बी पेशींचा उपद्रव प्रतिपिंडांपुरता नाही. त्या टी पेशींना ‘शत्रू’ दाखवून चिथावतात आणि दाह वाढवणारी रसायने सोडतात. चिथावणारेच गेले की हल्ला थंडावतो.

बी पेशी बिघडतात कशामुळे? त्यांच्यातच दडून राहणाऱ्या एपस्टाइन-बार विषाणूकडे बोट दाखवले जाते. 2022 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासात या संसर्गानंतर एमएसचा धोका सुमारे 32 पट वाढलेला आढळला. मात्र हा विषाणू बहुतेक माणसांच्या शरीरात असतो; एमएस फार थोड्यांना होतो. एमएस स्वतः संसर्गजन्य नाही. रुग्णाला वेगळे ताट, वेगळे अंथरूण नको. वाळीत टाकण्याचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक?

बी पेशींवरील औषधांनी नवे झटके कमी होतात. झालेली हानी मात्र सहसा भरून येत नाही. म्हणून उपचार लवकर हवेत. औषधापूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणी आवश्यक असते आणि गरजेच्या लसी शक्यतो आधीच घ्याव्यात, कारण नंतर लसीचा परिणाम कमी होतो. उपचार चालू असताना ताप आल्यास अंगावर काढू नये. रिटुक्सिमॅब 2023 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठीही आहे.

आणखी एक गोष्ट. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मधील 21 प्रकारांत एमएसचा समावेश आहे. पात्र रुग्णांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अवश्य काढावे. ती कोणाची मेहेरबानी नाही, तो आपला हक्क आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!