हिवाळ्यात विहीर का भरते?

पाऊस जाऊन दोन महिने झाले, तरी हरभऱ्यासाठी उपसलेली वाशीमची विहीर रात्रीतून पुन्हा चढते. मुरमात आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत मुरलेले पाणी सावकाश पाझरत असते.

हिमनदीखालीही हिवाळ्यात पाणी वाहतेच. वरचे वितळणे थांबते, पण भूगर्भातली उष्णता आणि सरकत्या बर्फाचे घर्षण तळ वितळवत राहतात. खरी गंमत वाटांची आहे. पाषाणातली भेग तशीच राहते. बर्फातला बोगदा मात्र पाणी घटले की वरच्या भाराने आवळत जातो. मग थोडे पाणीही दाबाखाली कोंडते आणि बर्फाला तळावरून किंचित उचलून धरते. म्हणून ग्रीनलंडमधल्या काही हिमनद्या उन्हाळ्याच्या अखेरीपेक्षा ऐन थंडीत वेगाने सरकतात.